आधी पन्हा, मग भाव

हातमागाच्या दुकानात शिरलं की हात आपोआप ताग्याकडे जातो, कापड बोटांत चुरगळून बघितलं जातं आणि तोंडातून निघतं, "कसं मीटर?" खरं तर हा प्रश्न दुसरा. पहिला, "पन्हा किती?", म्हणजे कापडाची रुंदी किती.

गिरणीच्या कापडाने आपल्याला ४४ इंचांची सवय लावलीय. हातमागाचा पन्हा मात्र मागाएवढा. खादी बऱ्याचदा ३६ इंची मिळते, आंध्रचं मंगलगिरी कापड ४४-४६ इंची, आणि हातमागाचं खण जेमतेम ३०-३२ इंच, कारण ते मुळात चोळीसाठीच विणलेलं.

समजा, ४२ इंच लांबीचा, पाऊण बाह्यांचा कुर्ता शिवायचाय. माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायचं जादा कापड, धरून पुढचा भाग ४५ इंच, मागचा ४५. झाले ९०, म्हणजे २.३० मीटर. भागाची रुंदी २४ इंच धरली तर ४४ पन्ह्यात बाजूला २० उरतात. बाही दंडाशी १६ इंच लागते, ती त्यात निघते. ३६ पन्ह्यात उरतात १२, म्हणून बाह्यांसाठी अर्धा मीटर जादा. आता ४४ पन्ह्याचं २२० रुपये मीटरचं कापड अडीच मीटर घेतलं तर ५५०. ३६ पन्ह्याचं २०० रुपयांचं "स्वस्त" कापड तीन मीटर, ६००.

या हिशोबात आटणंही धरलंय. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, ते पाण्यात गेले की सैलावतात. सुती कापड पहिल्या पाण्यात ३ ते ५ टक्के आटतं. अडीच मीटरला साडेसात ते साडेबारा सेंटिमीटर. म्हणून शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं, किंचित ओलसर असतानाच इस्त्री. खळही निघून जाते. हे बरेच जण करतात. अस्तर भिजवायला मात्र विसरतात. मग पहिल्या धुण्यात अस्तर आत आक्रसतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात, त्या कुठल्याच इस्त्रीला दाद देत नाहीत.

रंगासाठी दुकानातच ओला पांढरा रुमाल कापडावर घासून बघावा. कच्चा रंग मिठाच्या पाण्याने पक्का होतो हा घरोघरचा समज आहे, होत मात्र नाही. इकत घेताना कापड उलटून बघा. तेलंगणातल्या पोचमपल्लीत इकतचे धागे आधी नक्षीप्रमाणे रंगवून मग विणतात, त्यामुळे नक्षी दोन्हीकडून सारखी दिसते. छापील नकलेची उलट बाजू फिकी पडते.

भावाची घासाघीस करण्यापेक्षा २ ऑक्टोबरपासूनची खादी भांडारातली सूट गाठावी. किंवा साधी सुती साडीच घ्यावी. ९०० रुपयांची साडेपाच मीटरची साडी म्हणजे मीटरला १६४ रुपये, आणि दोन कुर्ते निघतात. पण साडीचं सूत बारीक असतं, काखेत ताण आला की शिवणीशी धागे सरकतात. "काका, माया पाऊण इंच सोडा" हे शिंप्याला आधीच सांगून ठेवावं.

आणि काठ! तो कुर्त्याच्या खाली यावा असं सगळ्यांनाच वाटतं. त्यासाठी कापड आडवं बेतावं लागतं, म्हणजे कुर्त्याची लांबी पन्ह्याच्या बाजूने. कापड उलट कमी लागतं, पावणेदोन मीटरमध्येही भागतं, दोन काठांवर दोन बाह्या निघतात आणि खाली दुमडायलाही नको. मात्र लांबी पन्ह्यात अडकते. ४४ मधून वरच्या बाजूचा दोन इंची काठ, खांद्याची माया आणि आटणं वजा जाता उरतात ३९-४० इंच. ४२ इंची कुर्ता हवा असेल तर ४७-४८ पन्हा शोधा, नाहीतर काठ बाह्यांनाच लावा.