दिवे घाट चढताना

पुण्यातली नोकरदार माणसं बहुतेक वारीचा एखादाच टप्पा चालतात. मी पुणे ते सासवड निवडला. मुक्कामाला माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात असते, तुकोबारायांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. भल्या पहाटे पुलगेटपाशी दिंडीत शिरले. हडपसरला वाटा फुटल्या, तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे गेली आणि आम्ही सासवड रस्त्याला लागलो.

निघाले होते ते मागणं घेऊनच. माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले, मग कॉलेज सुटलं, मित्र सुटले. हा आजार बऱ्याचदा ऐन विशीतच डोकं वर काढतो, घरच्यांना वाटतं पोरगं आळशी झालंय. नातेवाइकांनी बाहेरची बाधा सांगितली, कुणी म्हणालं लग्न लावून द्या. सोसायटीत आम्ही 'एमपीएससीचा अभ्यास करतोय' एवढंच सांगत आलो. विठ्ठला, माझा पूर्वीचा मुलगा परत दे, एवढंच मनात घोळत होतं.

वडकी नाल्याच्या विसाव्यानंतर घाट सुरू झाला. माउलींच्या रथाला इथे जादा बैलजोड्या जोडतात. एकादशी होती, कुणी केळी वाटत होतं, कुणी राजगिऱ्याचे लाडू. माझ्या शेजारी परभणीकडच्या एक मावशी होत्या, डोक्यावर पितळी तुळशीवृंदावन. खाली ओल्या फडक्याची चुंबळ. वृंदावनाला हात न लावता त्या चढत होत्या. मध्येच थांबायच्या, चुंबळ बोटानं थोडी सरकवायच्या, की पुन्हा पाय सुरू. त्यांनीच विचारलं, "माउली, लेकरं काय करतात?"

का कोण जाणे, एमपीएससी तोंडातून बाहेरच पडलं नाही. सगळं सांगितलं. आवाज ऐकू येतात इथपासून ते तो दिवसदिवस खोलीतून बाहेर येत नाही इथपर्यंत.

त्यांनी ना उपाय सांगितला, ना देवऋषी. म्हणाल्या, "जेवतो का पोटभर? रातीला झोप लागते का?" म्हटलं, हो, गोळ्यांनी लागते. "मंग गोळ्या चुकू देऊ नगा. आन् त्याला एकटं पाडू नगा." एवढं बोलून पखवाजाच्या ठेक्यावर पुढे निघाल्या.

आमचे डॉक्टर दर वेळी हेच दोन प्रश्न आधी विचारतात. झोप आणि जेवण. 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन'च्या पुण्यातल्या पालक गटातही हेच कानावर पडतं: औषध परस्पर बंद करायचं नाही, आणि घरात टोमणे, आरडाओरडा जितका कमी तितका आजार उलटायची भीती कमी. मला हे सगळं ठाऊक होतं. पण ते ठाऊक असणं वेगळं आणि घाटात, हजारो माणसांत, माझ्या मुलाबद्दल कुणी इतक्या सरळ बोलणं वेगळं. भरून आलं. तशीच चालत राहिले. टाळ वाजत होते, रडणाऱ्या बाईकडे कुणी वळून बघत नव्हतं, ते फार बरं वाटलं.

घाटमाथ्यावर आल्यावर हात जोडले. पूर्वीचा मुलगा मागायचा होता, पण डोळ्यांपुढे आला तो आताचाच: वजन वाढलेला, हळू बोलणारा, संध्याकाळी न विसरता चहा टाकणारा. याला सांभाळ, म्हटलं. माझी श्रद्धा त्या दिवसापासून जास्त घट्ट झाली, आणि गोळ्यांच्या डबीशी तिचं काही भांडण नाही. आजार बरा कर असं आता मी देवाला रोज म्हणत नाही. आजचा दिवस त्याच्याबरोबर नीट जाऊ दे, म्हणते.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंना खरं काय ते सांगून टाकलं. मुलाला आधी विचारलं होतं. "सांग," म्हणाला.

पुढच्या वर्षी त्यालाही दर्शनाला यायचंय. गर्दी आणि लाउडस्पीकरचा त्याला त्रास होतो, म्हणून डॉक्टरांशी बोलून ठरवलंय: पालखी मुक्कामाला असताना पहाटे लवकर भवानी पेठेत जायचं, रांग मोठी असली तर कळसाला हात जोडून परत यायचं.