नेदरलँड्सची कंपनी, यवतमाळची गावं आणि पगाराची स्लिप

नेदरलँड्समधल्या एका कंपनीनं यवतमाळ जिल्ह्यात स्वतःची माणसं नेमायला सुरुवात केली आहे. शेताशेतांत जाऊन कपाशीचं बियाणं, फवारणी, वेचणी यांच्या नोंदी ठेवणारी ही माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बायका. त्यांच्या पगाराचं काम आमच्या नागपूरच्या कार्यालयाकडे आलं. तिकडच्या पगार विभागाच्या प्रमुख बाई डिसेंबरात इकडे आल्या आणि आम्ही कळंब, घाटंजी, दारव्हा असा फेरा केला. आता बऱ्याच परदेशी कंपन्या विदर्भातल्या गावांमध्ये माणसं नेमताहेत. त्यांचं काम अंगावर घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो आहे.

रस्त्याचं फार सांगण्यासारखं नाही. नागपूरहून बुटीबोरी, वर्धा, देवळी, कळंब करत यवतमाळ गाठायचं. रस्ता चांगला आहे. वर्ध्याहून नवी रेल्वे २०२४ पासून कळंबपर्यंत आली आहे, पण त्यापुढे गावोगाव फिरायचं तर गाडीच हवी. मुक्काम यवतमाळातच करा. वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात कोणी भेटत नाही, त्यामुळे बैठक सकाळी लवकर नाहीतर दिवेलागणीनंतर ठेवा. ज्या गावचा बाजार असेल त्या दिवशी तिथे बँकेचं काम काढू नका.

बाई येताना कायद्यांची जाडजूड फाईल घेऊन आल्या होत्या, आणि ती नीट तयार केलेली होती. तरी फेऱ्यातला बहुतेक वेळ गेला तो नावांवर. परदेशात बसून पगार चालवणाऱ्याच्या हे लक्षात येणं अवघड आहे. आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच, असं जवळजवळ प्रत्येक बाईचं होतं. पीएफचा यूएएन, म्हणजे कामगाराचा कायमचा पीएफ क्रमांक, आधारच्या नावानं निघतो, पगार बँकेच्या नावावर जातो, आणि दोन्ही जुळले नाहीत की पुढे पैसे काढताना अडचण येते. १ ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवूनच काढावा लागतो. त्यासाठी आधारला मोबाईल जोडलेला लागतो. इथे ज्या नंबरवर आधार काढलं तो रिचार्ज न केल्यानं कधीच बंद पडलेला, नाहीतर दिराचा किंवा मुलाचा निघतो. आधारमधला मोबाईल नंबर पोस्टमन घरी येऊन बदलून देऊ शकतो, हे गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. नेमणुकीचं पत्र देण्याच्या निदान महिनाभर आधी डाकघरात बोलून ठेवा. चेहऱ्याची पडताळणी घरात बसून करायचा हट्ट नको. जिथे रेंज आणि उजेड दोन्ही मिळतात तिथे सगळ्यांना बोलवा. आमचं काम ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झालं.

बँकेच्या खात्याचंही तसंच. कित्येकांची जनधनची खाती अपुऱ्या कागदांवर उघडलेली, म्हणजे बँकेच्या भाषेत ‘लहान खाती’ असतात. त्यात वर्षभरात एकूण १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला १० हजारांवर काढता येत नाही. १५-१८ हजारांचा पगार अशा खात्यावर वर्षाच्या मध्येच अडकतो. शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्या आणि झाल्याची खात्री करूनच यादी हॉलंडला पाठवा. दुसरं, विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ ला महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. लोकांच्या हातात पासबुकं मात्र जुनीच आहेत, त्यामुळे शाखेचा आयएफएससी क्रमांक पासबुकावरून उतरवून घेऊ नका, शाखेत विचारा.

पगाराची स्लिप समजावून सांगायच्या बैठकीला मी सगळ्यात जास्त मोल देतो. स्लिप मराठीत छापली होती, तरी पहिला प्रश्न आला तो एका वयस्क बाईंचा. त्या म्हणाल्या, “अठराशे रुपये काहून कापले जी? अन् कंपनीनं किती टाकले?” हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर फळ्यावर लिहूनच द्यावं. पीएफसाठी १५,००० रुपये वेतन धरलं तर १२ टक्क्यांनी तुमचे १,८०० जातात आणि तेवढेच कंपनी घालते. कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शन योजनेत आणि ५५० तुमच्या पीएफ खात्यात जमा होतात. शिवाय नोकरीत असताना माणूस गेला तर वारसाला विम्याचे ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. हे ऐकल्यावर बैठकीचा नूर पालटला. वारसाची नोंद ऑनलाइन करायची असते हे सांगताच लोक तिथेच मोबाईल काढून बसले. या नोंदीसाठी वेगळा वेळ राखून ठेवा; घाईत उरकायचं हे काम नव्हे.

व्यवसाय कराबाबत हॉलंडहून आलेलं कोष्टक बदलावं लागलं. महाराष्ट्रात १० हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, पण स्त्रियांना २५ हजारांपर्यंत हा कर नाही. ज्या गटात बायका जास्त, तिथे सरसकट २०० कापणारं सॉफ्टवेअर दर महिन्याला त्यांच्या घरातले पैसे नेतं, म्हणून हे पहिल्याच पगाराआधी तपासा. कामगार कल्याण निधीचे २५ रुपये वर्षातून दोनदाच, जून आणि डिसेंबरात जातात, कंपनीचे ७५. रक्कम छोटी, पण त्या महिन्यात पगार कमी का आला हे आधी सांगून ठेवलं की कुरबुर होत नाही.

बाईंचे दोन समज मात्र मोडावे लागले, आणि त्यांनी ते मोकळेपणानं मान्य केले. त्यांच्याकडे प्रत्येक कर्मचाऱ्याला पगाराच्या ८ टक्के सुट्टीभत्ता कायद्यानं मिळतो. आपल्या बोनसचा किमान दर ८.३३ टक्के बघून त्यांना दोन्ही एकच वाटले. आपला बोनस २० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला लागू होतो, त्याला पगाराची २१ हजारांची मर्यादा आहे आणि हिशेबाचं वर्ष संपल्यावर आठ महिन्यांत तो द्यावा लागतो. दुसरा समज आजारपणाचा. नेदरलँड्समध्ये आजारी कर्मचाऱ्याला मालकानं १०४ आठवड्यांपर्यंत निदान ७० टक्के पगार द्यायचा असतो. इथे ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, तोच ७० टक्क्यांचा आकडा येतो, पण ९१ दिवसांपुरता आणि महामंडळाकडून. कामगाराचे ०.७५ टक्के, कंपनीचे ३.२५, मर्यादा पुन्हा २१ हजार. माझं मत असं की कंपनीनं वर स्वतःचा आरोग्य विमा द्यावा, कारण घाटंजीच्या पलीकडच्या पाड्यावरून ईएसआयच्या दवाखान्यापर्यंत पोचण्यातच आजारी माणसाचा दिवस जातो. बाईंनी ते लिहून घेतलं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, लागू झाल्या आहेत, त्यामुळे जुने करारनामे तसेच वापरू नका. मूळ पगार कमी आणि पेट्रोलसकट भत्ते भरपूर, अशी रचना आमच्यापुढे आली होती. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते, आणि पीएफ आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) त्यावर मोजावी लागते. काम सोडणाऱ्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. महिन्यातून एकदाच पगार काढणाऱ्या परदेशी कार्यालयाला हे जमत नाही, म्हणून अशा वेळी नागपूरहून थेट रक्कम देण्याचा अधिकार आणि खात्यात तेवढे पैसे आधीच मागून घ्या. मुदतीच्या करारावरच्या माणसालाही आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागते, हेही खर्चात धरा.

सुट्ट्यांची यादी मुंबईच्या एका सल्लागाराकडून आली होती. त्यात पतेती होती, पोळा नव्हता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. तेव्हा त्या गावातच ठरवा. आमच्याकडे पोळा, दसरा, दिवाळी आणि १४ एप्रिल ठरले. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी कितीतरी घरं दीक्षाभूमीला जातात, त्यामुळे त्या सुट्टीवर कोणाचाच वाद झाला नाही. पोळ्याच्या दिवशी तर बैलजोडी सोडून कोणी नोंदी भरायला येणारच नाही.

कंपनीची इथली नोंदणी झाली नसताना सुरुवातीचे महिने एखाद्या मध्यस्थ एजन्सीच्या नावावर माणसं ठेवायची पद्धत आहे. तसं करायचं तर त्या एजन्सीची महाराष्ट्रातली व्यवसाय कराची नोंदणी आणि दर महिन्याच्या पीएफ चलनाची, म्हणजे पैसे भरल्याच्या पावतीची, प्रत डोळ्यांनी पाहा. पीएफ भरायची १५ तारीख उलटली की चलन मागायचंच.

शेवटचं, कंपनीचा एक डच कृषितज्ज्ञ पुढच्या हंगामात यवतमाळात राहायला येणार आहे. परदेशी नागरिकाला इथे पीएफ लागू होतो तेव्हा १५ हजारांची मर्यादा नसते, पूर्ण पगारावर कपात होते. भारत आणि नेदरलँड्स यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, त्यामुळे तिकडच्या विमा संस्थेनं तो तिकडेच वर्गणी भरतो असं प्रमाणपत्र दिलं तर इथली कपात टळते. हे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत त्याला विमानाचं तिकीट काढू देऊ नका.