जेफरसनचा मटार आणि जेम्सची यादी

मॉन्टिचेलोला लोक येतात ते घुमट बघायला. मी गेले भाजीच्या मळ्यासाठी. व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलजवळच्या डोंगरावरचं, अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याचं हे घर मी तसं भराभरच पाहिलं, फक्त जेवणघरात रेंगाळले. तिथं शेकोटीच्या दोन्ही अंगांना तळघरातून वाइनच्या बाटल्या वर आणणारे पाळणे आहेत, आणि मागच्या बाजूला फळ्या ठोकलेलं, आसाभोवती फिरणारं एक दार. पलीकडून ताटं ठेवायची, दार फिरवायचं. ती आणणारा माणूस पाहुण्यांना दिसायलाच नको. युक्ती नामी आहे, पण कशासाठी केलीय ते कळल्यावर कौतुक ओठातच राहतं.

मळा मात्र बघतच राहावा असा. डोंगराचा उतार कापून काढलेली हजार फूट लांब सपाटी, खाली दगडी बांध. दिवसभर ऊन मिळतं आणि गार हवा उतारावरून खाली निघून जाते, म्हणून पिकाला थंडीचा तडाखा कमी बसतो. इथं जेफरसनने भाज्यांचे तीनशेच्या वर वाण लावून पाहिले. 1766 ते 1824 पर्यंत वही ठेवली: कधी पेरलं, कधी उगवलं, कधी ताटात आलं. जे फसलं तेही लिहिलंय, हे मला फार आवडलं. (माझ्या वहीत फक्त यश असतं.)

मटारावर त्याचा भारी जीव. पहिला मटार ज्याच्या घरी येईल त्याने बाकीच्यांना जेवायला बोलवायचं, अशी शेजाऱ्यांत चुरस असे आणि बहुधा एकच शेजारी जिंकत असे. एका वर्षी जेफरसनचा मटार आधी आला, तर हा गप्प बसला, असं घरचे सांगत.

पुढच्या वाफ्यात भेंडी दिसली. मूळची आफ्रिकेची, गुलामांच्या व्यापाराबरोबर या किनाऱ्याला लागलेली. तिथून मग मळ्याकडे बघण्याची नजरच बदलली. ही सपाटी खणली गुलामांनी. जेफरसनच्या मालकीची माणसं आयुष्यभरात सहाशेच्या वर होती. त्यांच्या स्वतःच्या छोट्या परसबागाही होत्या आणि काकड्या, कोबी, अंडी, कोंबड्या ते मोठ्या घराला विकत. 1805 ते 1808 चा हा हिशेब जेफरसनच्या नातीने लिहून ठेवलाय. हजार फुटी मळ्याचा धनी आपल्याच गुलामांकडून काकड्या विकत घेतो! मी तो फलक दोनदा वाचला.

शेवटी स्वयंपाकघर. विटांच्या ओट्यात आठ शेगड्या, वर तांब्याची भांडी. फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक इथं आणला तो जेफरसनचा गुलाम जेम्स हेमिंग्ज याने. 1784 साली जेफरसनने एकोणीस वर्षांच्या जेम्सला पॅरिसला नेलं, तिथं तो शिकला. 1793 मध्ये लेखी करार झाला: दुसऱ्याला आपली विद्या शिकवलीस तर सुटशील. त्याने भाऊ पीटरला तयार केलं आणि 1796 मध्ये मोकळा झाला. पीटर मात्र तिथंच राहिला, शेगड्यांपुढे.

निघण्याआधी जेम्सने स्वयंपाकघरातल्या सगळ्या भांड्यांची मोजदाद केली होती. ती यादी त्याच्या हातची आहे. अक्षर सुबक, कुठंही घाई नाही.