ऑइल बाहीत का येतंय?

पुढच्या ब्रेकचे दोन्ही कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारे भाग) जाम झालेली एक जुनी गाडी कामाला आली होती. पिस्टनला गंज, आतले पॅड पत्र्यापर्यंत घासलेले, डिस्क कमीत कमी जाडीच्याही खाली गेलेल्या. (ही जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते, पण वाचायची तसदी कोण घेतो!) कॅलिपर, डिस्क, पॅड सगळं नवं घातलं. गंज धरू नये म्हणून नव्या डिस्कवर तेलकट थर असतो, तो क्लीनरने पुसून काढला. पिनांना ग्रीस लावलं, चारही चाकांच्या ब्रेकची एअर (ऑइलमध्ये अडकलेली हवा) काढली. संध्याकाळी गाडी द्यायची होती.

आवारातल्या आवारात गाडी थोडी पुढे घेतली आणि ब्रेक दाबला. पाय गादीत रुतावा तसं पेडल खाली गेलं. गाडी थांबली, पण तिच्या मर्जीने. लागोपाठ दोन-तीनदा पेडल मारलं की वर यायचं, जरा थांबून दाबलं की पुन्हा तळाला.

अशा वेळी पहिला संशय एअरवरच जातो. ब्रेक ऑइल दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते. कॅलिपरचा पिस्टन मिलिमीटरच्या अंशाएवढाच सरकत असतो, त्यामुळे आत एवढासा बुडबुडा राहिला तरी पेडलचा निम्मा प्रवास तो बुडबुडा दाबण्यातच संपतो. म्हणून परत एअर काढली. मग परत एकदा. पोरगा चाकापाशी बाटली धरून आणि मी आत पेडलवर. ‘दाबा… धरून ठेवा… सोडा’ असं त्याचं चाललेलं. नळीतून ऑइल काचेसारखं स्वच्छ येत होतं, एकही बुडबुडा नाही. पेडल मात्र होतं तसंच.

इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारलं, दाबून धरलं आणि इंजिन चालू केलं. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं. म्हणजे बूस्टर, पायाचा जोर वाढवणारा भाग, ठीक. आणि तसंही बूस्टर गेला तर पेडल दगडासारखं कडक होतं, मऊ नाही.

आता उरला मास्टर सिलिंडर, पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा. इथे मला माझीच हुशारी नडली. जुन्या मास्टरचा पिस्टन रोज एवढ्याशाच भागात पुढे-मागे होत असतो. त्याच्या पलीकडच्या भागात गंज आणि गाळ साचतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत मारलं की पिस्टनवरचा रबरी वॉशर त्या खरखरीत भागावर जाऊन फाटतो. हे मी अनेकदा पाहिलंय, म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायची माझी पद्धत आहे. त्या दिवशी तो ठेवायला विसरलो होतो. म्हणजे वॉशरच फाटला, असं मनाशी पक्कं करून टाकलं. मालकाला फोन केला, गाडी उद्या मिळेल म्हणून सांगितलं आणि नवा मास्टर आणवला. बाकावर त्याची एअर काढून बसवला, चाकांची पुन्हा काढली. पेडल जिथल्या तिथे.

रात्री झोप लागली नाही.

जे आदल्या दिवशी सगळ्यात आधी करायचं, ते सकाळी केलं. चाकांकडे ऑइल नेणारे चारही रबरी होज गुळगुळीत तोंडाच्या चिमट्यांनी दाबून टाकले. (साध्या पकडीने दाबू नका, होज आतून फाटतो.) पेडल कडक, बोटभरही हलेना. म्हणजे मास्टर निर्दोष, आणि बहुधा काढून ठेवलेला जुनाही निर्दोषच. मागचे दोन चिमटे सोडले, पेडल जेमतेम उतरलं. पुढचा उजवा सोडला तसं ते मऊ पडलं. डावा सोडला आणि तळाला गेलं. दोन नवे कॅलिपर, दोन्ही एकदम खराब? मन मानेना.

म्हटलं, अजून एकदा एअर काढू. पोरगा चाकाशी बसता बसता कुरकुरला, ‘दादा, या गाडीचं ऑइल सारखं माझ्या बाहीत का येतंय? परवाच्या गाडीला तर नळी वरून खाली येत होती.’

मी पेडलवरून पाय काढला आणि खाली उतरून बघितलं. निपल, म्हणजे एअर काढायचं तोंड, कॅलिपरच्या बुडाशी होतं. पलीकडच्या बाजूलाही तसंच.

डाव्याचा कॅलिपर उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे बसला होता. बसवले होते मीच. बाजूची चिठ्ठी खोक्यावर होती, कॅलिपरवर नाही, आणि मी दोन्ही खोकी एकदमच रिकामी केली होती. बोल्टची भोकं दोन्हीकडे सारखीच जुळतात. एका बाजूचा होज जरा पिळल्यासारखा बसला होता, पाल तेव्हाच चुकचुकायला हवी होती. निपल वर असायला हवं, कारण हवा वर जाते. खालच्या निपलातून ऑइल कितीही काढा, स्वच्छच येणार, आणि हवेचा फुगा वर कॅलिपरच्या डोक्यात निवांत बसून राहणार.

बाजू बदलल्या. उजव्या चाकाचं निपल सोडलं तशी नळी खदखदली. आधी नुसता फेस, मग मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे, मग सुटा एखादा, मग काही नाही. डाव्यालाही तसंच. पेडल वरच्या वरच थांबलं. मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकचे शू (आतून घासणारे भाग) थोडे ढिले होते, तेही ॲडजस्ट करून घेतले. मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू ब्रेक लावत नवे पॅड डिस्कवर बसवले. मधे मधे डिस्क थंड होऊ दिल्या.

गाडी न्यायला आलेल्या मालकाला सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘म्हणजे जुना मास्टर सिलिंडर चांगला होता?’

‘हो,’ मी म्हटलं, ‘नवा बिलात धरलेला नाही.’

पोरगा तेव्हा नळावर बाही धूत उभा होता.