भाड्याच्या घरात ओटा घालताना

नवऱ्याची दापोलीला बदली झाली आणि आंजर्ल्याच्या बाजूला एक जुनं जांभ्याचं घर आम्हाला महिना सहा हजार भाड्याने मिळालं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी आणि विहीर. समुद्र चालत जाण्यासारखा. बाकी सगळं दुरुस्तीला आलेलं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात स्वयंपाकघरावरची कौलं गेली होती आणि घाईघाईत पत्रे घातले होते. अकराच्या पुढे तिथे उभं राहवत नसे. ओटा नव्हताच, शेगडी खाली जमिनीवर. वायरिंग लाकडी पट्टीवरचं.

"घर तुमचंच समजा वहिनी, काय हवं ते करून घ्या," घरमालक काका म्हणाले. म्हणाले ते मनापासूनच. पण कोकणातलं जुनं घर एकट्याचं असणं विरळाच. ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढला, तर त्यावर काकांच्या वडिलांचं नाव. ते वारून बरीच वर्षं झालेली. विजेचं मीटरही त्यांच्याच नावावर. वारस चार: काका गावात, एक भाऊ डोंबिवलीला, एक पुण्याला, बहीण विरारला. काकांच्या शब्दावर काम उरकायचं आणि गणपतीला आलेल्या तिघांनी "हे कोणाला विचारून केलं?" म्हणायचं, हे मला नको होतं.

काकांच्या मुलाने व्हॉट्सअॅपवर सगळ्यांचा ग्रुप काढला. त्यावर मी कामांची यादी टाकली, प्रत्येक जागेच्या फोटोसकट. पहिले दोन दिवस नुसते हात जोडलेले. मग सुरू झालं.

डोंबिवलीच्या दादांना ओट्याचीच धास्ती. ओटा म्हणजे पक्कं बांधकाम, उद्या भाडेकरू हक्क सांगतील. आता 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात कलम 16 खाली लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग यांना कायमचं बांधकाम धरत नाहीत. पण ती सोय भाडेकरूला. आमचा करार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी, भाडेकरूचे हक्क नाहीत; त्यात कागदावर लिहिलेलं तेवढंच आपलं. त्यामुळे कायदा सांगून वाद जिंकण्यात अर्थ नव्हता, आणि दादांची भीतीही अगदीच हवेतली नव्हती. तोड गवंड्याने काढली. भिंतीत खाच न मारता कडाप्प्याचे उभे पाय, वर ग्रॅनाइट, भिंतीपासून बोटभर सुटा. मागची फट सिलिकॉनने बुजवायची. उद्या उचलून नेला तरी भिंतीला ओरखडा नाही. ओट्याच्या पायांचा फोटो ग्रुपवर गेला आणि दादा गप्प झाले.

विरारच्या आत्यांची हरकत वेगळी होती. मी माजघरालाही सीलिंग सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, "मंडपी कशाला बांधायची मग?" गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधलेली लाकडी मंडपी माजघराच्या तुळईला टांगतात, सीलिंग घातलं की तुळईच झाकली गेली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माजघर यादीतून काढलं. वर गणपतीचे दिवस माजघर आणि ओटी त्यांना मोकळी करून द्यायची, हेही करारात घातलं. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण ही अट घातल्यावर बाकी सगळ्या परवानग्या सोप्या झाल्या.

छापील मसुद्यात "जागेत कोणताही फेरबदल करणार नाही" असं वाक्य असतंच. त्यापुढे "सोबतच्या यादीतील कामे वगळून" एवढं लिहून घ्या. यादीत प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी: खर्च कोणाचा, घर सोडताना वस्तू कोणाची, काढली तर जागा कशी करून द्यायची. ओटा आणि नवं वायरिंग घराचं, त्याचा निम्मा खर्च भाड्यातून दरमहा दोन हजारांनी वळता. स्वयंपाकघराचं पीव्हीसी सीलिंग, खिडक्यांच्या जाळ्या, पंखे, इन्व्हर्टर आमचं. शिमग्याला सगळे गावी आले तेव्हा चौघांचे अंगठे एकदमच घेतले. नोंदणी फी ग्रामीण भाग म्हणून 500 रुपये (शहरात 1000), मुद्रांक 0.25 टक्के. करार नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. इथे धावपळ आम्ही केली, असो.

काम एप्रिलात उरकायचं होतं, कारण मे उजाडला की सुतार-गवंडी लोकांच्या शाकारणीला, म्हणजे पावसाआधीच्या छप्परदुरुस्तीला, जातात आणि टेम्पो आंब्याच्या पेट्यांना लागतात. वायरमनने पट्ट्या उतरवून नव्या पाइपांतून वायर ओढली, नवं अर्थिंग घातलं, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला. एसी मात्र नाही. त्याला लोड वाढवायला हवा, आणि मीटर मयताच्या नावावर असताना ते वारसांच्या कागदांचं वेगळंच प्रकरण.

सीलिंग आणि पत्रा यांच्यात हातभर पोकळी ठेवून दोन्ही टोकांना जाळी मारली, म्हणजे गरम हवा निघून जाते. एक चौकोन उघडता येईल असा ठेवला. वर उंदीर येतात, उंदरांमागे धामण येते, आणि गळती कुठून आहे ते पाहायलाही तोच लागतो. स्क्रू सगळे स्टेनलेस स्टीलचे घेतले. साधे स्क्रू खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजून डोकी टाकतात.

भिंतीवरून काकांशी थोडं वाजलं. त्यांना सिमेंटचं प्लॅस्टर हवं होतं, तेवढंच घर नवं दिसतं. पण जांभा पाणी पितो आणि सोडतो; वर सिमेंट लिंपलं की ओल आत कोंडते, क्षार फुटतात, पोपडे धरतात. त्यांच्याच ओटीच्या एका भिंतीवर ते दिसत होतं. नखाने टोकरलं तर पांढरी भुकटी हातात आली. शेवटी चुन्याचे दोन हात दिले.

आता पडवीचं चाललंय. पावसाची झड थेट आत येते. काकांना दरवर्षीसारखे झाप, म्हणजे विणलेल्या झावळ्या, हवेत, पुण्याच्या भावाला पारदर्शक पत्रे. ग्रुपवर रोज फोटो पडतात. मी एकच विचारलं, खर्च कोणाचा? यादीत "मालक" असं लिहून झालंय.