श्रुतिका लिहिताना माझी कोळीण कुठे फसली

मागच्या वर्षी पहिल्यांदाच अर्ध्या तासाची श्रुतिका, म्हणजे रेडिओवरचं नाटक, लिहिली. गोष्ट साधीच, बिल्डिंगच्या गेटपाशी वर्षानुवर्षं बसणारी मासेवाली आणि तिला उठवायचा सोसायटीचा ठराव. स्टेजवर लुगडं नि टोपली दिसली की बाई कोण ते कळतं, रेडिओवर ती सोय नाही, म्हणून मी सगळं बोलीत कोंबलं. कोळी बोलीत ळ चा ल, ण चा न, शब्दाच्या मधल्या ड चा र होतो एवढंच माहीत होतं, मग काय, वाक्यावाक्याला पानी, डोला, घोरा. (मासळीच्या गोष्टीत घोडा कुठून आला ते विचारू नका.)

वाचनाला बसलेल्या आर्टिस्ट बाई स्वतः कोळीवाड्यातल्या. दोन पानं वाचून थांबल्या आणि म्हणाल्या, "सेक्रेटरीला ब्लडप्रेशर आहे, मुलीचं लग्न आहे, हिला नुसता हेल आहे. आणि गिऱ्हाईकाशी आम्ही असं बोलतो होय रे?"

लाजच वाटली. दोन सकाळी मार्केटात नुसता उभा राहिलो. एकच बाई गिऱ्हाईक ताईंशी जवळपास माझ्यासारखंच मराठी, बर्फवाल्याशी हिंदी, आणि फोनवर पोराशी अस्सल कोळी, सगळं पाच मिनिटांत! मग बोली फक्त फोनच्या सीनला ठेवली, बाकी ठिकाणी शब्द साधे, ठेका तिचा. तसंही ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही, शब्द निसटला की निसटला.

खरी गंमत पुढे झाली, सेक्रेटरीलाही बोली असते हे तोवर डोक्यातच नव्हतं, प्रमाण मराठी म्हणजे बोलीच नाही असं आपण धरून चालतो ना. तो कधी 'मी' म्हणतच नाही, 'ठरवण्यात आलेलं आहे', 'कळवण्यात येईल'. आणि मीटिंगच्या सीनमध्ये बाईला वाक्यच नव्हतं, म्हणजे रेडिओवर ती तिथे नव्हतीच! मग दर थोड्या वेळाने तिच्या बांगड्या वाजवल्या आणि शेवटी एकच वाक्य दिलं, स्वच्छ प्रमाण मराठीत, "ठरवण्यात आलं म्हणजे कोणी ठरवलं, साहेब?"

रेकॉर्डिंगला सेक्रेटरीचं काम करणारे पुढचं वाक्यच विसरले. ती शांतता तशीच ठेवली.