माटोळीखालची पंधरा मिनिटे

गोव्यातल्या आमच्या गावात चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे, पाच दिवस सरले, की त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळाचा मेळावा असतो. जागा शाळेचा हॉल. वेळ पत्रिकेवर चारची, म्हणजे पाचची. दीपप्रज्वलन, स्वागत, वार्षिक अहवाल आणि पाहुण्यांची ओळख हे सगळे पाऊण तासात उरकते. पंख्याने समई विझते म्हणून पंखा बंद करतात, पाहुण्यांना घाम फुटतो म्हणून तो पुन्हा लावतात. त्या भागाबद्दल यापलीकडे लिहिण्यासारखे काही नाही. पाहुण्यांना दिलेले श्रीफळ बहुधा त्यांच्याच शेजाऱ्याच्या कुळागरातले, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेतले, असते, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

मेळाव्याचा जीव आहे तो माटोळीत. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. चवथीला आमच्याकडे गणपतीच्या वर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारी, केळी आणि रानातली फळे-फुले-शेंगा बांधतात. हीच माटोळी. घराघरात ती वाशांना लटकते. शाळेच्या हॉलला मात्र स्लॅब आहे आणि स्लॅबला एकही कडी नाही. म्हणून आम्ही चार बांबू पत्र्याच्या डब्यांत काँक्रीट ओतून रोवले आहेत. वर सहा फूट बाय चार फुटांची चौकट, तिच्यावर पोफळीच्या रिपा अर्ध्या अर्ध्या फुटावर. गणपती नसताना माटोळी कशी बांधायची, यावर पहिली दोन वर्षे वाद झाला. शेवटी खाली एक तसबीर आणि निरांजन ठेवायचे ठरले. ज्यांनी वाद घातला होता, तेच आता तसबीर पुसून आणतात.

बांधण्याचे शास्त्र साधे असले तरी चुकले की सगळ्यांसमोर चुकते. दहा-बारा नारळांची एक पेंड बारा ते पंधरा किलो भरते. केळ्यांचा घड त्याहून फारसा हलका नसतो. जड वस्तू मधोमध बांधली, की चौकट पोटातून लवते आणि रिपा सुटतात. म्हणून दोन पेंडी समोरासमोरच्या कोपऱ्यांत, बांबूच्या अगदी जवळ. उरलेल्या एका कोपऱ्यात केळी, दुसऱ्यात निरफणस आणि तोरिंजन (पपनस), आणि मध्ये फक्त हलके. जड ते शनिवारी संध्याकाळी बांधायचे आणि रानातले रविवारी सकाळी. नायलॉनची दोरी ओल्या देठावरून सरकते. केवणीची (मुरुडशेंगेच्या झुडपाची) साल भिजवून बांधली तर वाळताना आवळते आणि गाठ बसते. हरण नावाची पिवळी रानफुले तर दुपारी बारानंतरच लावावीत, नाहीतर पाहुणे येईपर्यंत माना टाकतात. हे दरवर्षी सांगावे लागते, आणि दरवर्षी कोणीतरी उत्साही तरुण ती शनिवारीच आणतो.

आणि मग ती पंधरा मिनिटे. पत्रिकेत त्यांना 'माटोळी ओळख' म्हणतात. नाव अगदी शाळेच्या तासासारखे आहे, पण कोणालाही याहून बरे सुचलेले नाही. वरच्या वाड्यावरचे एक आजोबा, ज्यांचे बालपण गुरांमागे रानात गेले, हातात वेताची काठी घेऊन माटोळीखाली उभे राहतात. शाळेतली मुले समोर बसतात. आजोबा काठीने एकेका फळाला टोचत विचारतात, "हें कितें?" म्हणजे हे काय?

पहिली पाच-सहा उत्तरे गर्जना होऊन येतात. नारळ! केळे! सुपारीचे शिपटे! काकडी! चिबूड! निरफणस! मोठी माणसेही यात आवाज मिसळतात, कारण येथपर्यंत त्यांनाही येते. मग काठी फागलांवर (कर्टोल्यांवर) येते. भाजी खाल्लेली असली तरी वेलीवरची फागलां पाहिलेली नसतात, त्यामुळे आवाज निम्मा होतो. आंबाड्यांना पुन्हा थोडा वाढतो, कारण सासव आणि उडदामेथी सगळ्यांच्या जिभेला ठाऊक असते. त्यानंतर कांगलां, घागऱ्या, माट्टीची फळे, कुड्याच्या शेंगा, कवंडळ. इथे हॉल गप्प होतो. पंख्याचा आवाज तेव्हाच पहिल्यांदा लक्षात येतो.

आजोबा घाई करत नाहीत. घागऱ्यांची एक वाळलेली शेंग तोडून सर्वांत लहान मुलाच्या कानाजवळ हलवतात. ती खुळखुळते, आणि नाव आपोआप बाहेर येते. हिरवी शेंग हलवली तर वाजत नाही, बी आत सुटे व्हावे लागते, हेही तिथेच कळते. माट्टीच्या फळाला पाच पंख असतात. ते आजोबा हातात देऊन मोजायला लावतात. कुड्याच्या शेंगा जोडीने लोंबतात, लांब आणि बारीक. आव पडली की याच झाडाची साल आजीने दिली होती, असे मागच्या रांगेतला कोणीतरी सांगतो. कवंडळ आजोबा हाती देत नाहीत. बाहेरून लालबुंद, आतून काळपट आणि इतके कडू की चाखणाऱ्याला ओकाऱ्या होतात. "नुसतें पळोवपाचें," नुसते बघायचे, एवढेच ते म्हणतात. कांगलांचे पिवळे कवच फुटून आतले नारिंगी-तांबडे बी दिसले असेल त्या वर्षी मुले स्वतःच "पेटलां!" म्हणून ओरडतात.

नारळाजवळ आले की आजोबा नेहमी एक गोष्ट सांगतात. २०१६ साली वृक्षसंवर्धनाच्या कायद्यातून माड वगळला गेला, आणि पुढच्याच वर्षी तो राज्यवृक्ष होऊन परत आला. "वर्सभर ताका झाड म्हणूं नाशिल्लें," वर्षभर त्याला झाड म्हणत नव्हते, असे ते काठी नारळाला लावून म्हणतात आणि हॉल हसतो. दरवर्षी तोच विनोद, दरवर्षी तेच हसू. विनोद बदलला तर लोक तक्रार करतील.

या पंधरा मिनिटांत घसा दाटून येतो, हे कबूल करायला लाज कसली? कोणीही भाषण करत नाही. संस्कृती, वारसा, पर्यावरण हे शब्द येत नाहीत. एक माणूस फक्त नावे घेतो आणि पंचवीस-तीस मुले ती परत म्हणतात. शेवटी आजोबा काठी खाली ठेवून डोळे मिटतात, आणि मुले माटोळीकडे न बघता क्रमाने सगळी नावे म्हणतात. एका वर्षी बावीस नावे सलग आली होती, एका वर्षी चौदावर अडली. अडलेल्या वर्षी आजोबा रागावले नाहीत. उरलेली आठ त्यांनी स्वतः म्हटली, अगदी हळू.

कला आणि संस्कृती संचालनालयाची माटोळी स्पर्धा दरवर्षी असते आणि तिच्यातल्या माटोळ्यांत वस्तूंची संख्या शेकड्यांत जाते. त्या बघण्यासारख्या असतात यात शंका नाही. आम्ही मात्र तिशीच्या पुढे जात नाही. संख्येच्या मोहात अख्खी वेल उपटली जाते, आणि पुढच्या वर्षी त्या जागेवर काहीच उगवत नाही. आमचा नियम असा, की झाडावरचा एकच झुपका तोडायचा आणि वेल तिथेच सोडायची. फोंड्याच्या माटोळी बाजारातून आणलेल्या वस्तू चालतात, पण त्या कुठल्या रानातल्या हे विकणाऱ्या बाईला विचारून यावे लागते. पुष्कळदा उत्तर सत्तरी किंवा सांगे तालुका असे येते. मग आजोबा खुर्चीवरून मान हलवतात, जणू ती राने त्यांच्या ओळखीची आहेत.

त्यानंतर घुमट आरती. चार घुमटे, एक शामेळ हे तालवाद्य, एक कांसाळे म्हणजे झांज. घुमट हे वाद्य मातीचे, दोन्ही बाजूंनी उघडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, लहान तोंड डाव्या तळहाताने झाकत-उघडत आवाज घडवायचा. पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झाले आणि आता बकऱ्याचे लागते. जुने वादक म्हणतात, तो नाद राहिला नाही. त्यांचे म्हणणे खरे असेलही, पण बकऱ्याच्या कातड्यावर ज्यांचा हात बसला ती पोरे पुढे आली आहेत, हेही खरे. २०१९ साली घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, तेव्हापासून शिकायला येणाऱ्यांच्या आया जरा कमी कुरकुरतात.

भाद्रपदातल्या दमट हवेत कातडे सैल पडते आणि घुमट ढबढब वाजू लागते. ऊन असेल तर अर्धा तास उन्हात, नसेल तर करवंट्यांच्या निखाऱ्यांपासून हातभर दूर धरायचे आणि फिरवत राहायचे. जवळ नेले की कातडे फाटते, आणि गरम घुमट ओल्या फरशीवर टेकवले की मातीला चीर जाते. दोन घुमटे अशीच गेली. एक शामेळवाल्याने ठेवले होते, दुसरे कोणी, ते आजतागायत उघड झालेले नाही.

आता हजेरीबद्दल. खुर्च्या दोनशे मांडतो. पाच वाजता साठ भरतात, माटोळी ओळखीला ऐंशी, आणि आरती संपून स्वयंपाकघरातून तेफळांचा (तिरफळांचा) वास आला की खुर्च्या कमी पडतात. मुंबई-पुण्याची मंडळी दीड दिवसाच्या विसर्जनाबरोबर परतलेली असतात. त्यांना दोष नाही, रजाच तेवढी. पण गावात असून, ओट्यावर बसून, पावसाचे निमित्त सांगून साडेसातला जेवायला येणाऱ्यांचे काय करावे? शेजारच्या वाड्यावरचे लोक तर ताटे घेऊनच निघतात असा आमचा जुना संशय आहे. तरीही पान मांडतोच. खतखते, म्हणजे आमची मिसळीच्या भाज्यांची आमटी, उरले तर पाप लागेल.

खतखत्याचे प्रमाणही सांगून टाकू, कारण दरवर्षी कोणीतरी विचारते. दीडशे माणसांना भाज्या पंचवीस किलो, तूरडाळ चार किलो, नारळ तीस, तेफळे दोन मुठी. सुरण, माड्या आणि कणगी हे कंद, मुळा, मक्याची कणसे, निरफणस, शेवगा, लाल भोपळा. निदान पाच भाज्या हव्यात, जास्त असतील तर शोभा. कणसांचे तुकडे सर्वांत आधी टाकतात, कारण शिजायला तेच वेळ घेतात. मग सुरण आणि माड्या, शेवटी भोपळा. सुरण घशाला खाजतो म्हणून तो चिरून सोलांच्या (कोकमांच्या) पाण्यात धुऊन घ्यायचा, पण पातेल्यात सोले शेवटीच. आंबट आधी पडले की कंद शिजतच नाहीत, दगड होऊन राहतात. तेफळांतले काळे बी काढून टाकायचे, टरफले पाण्यात थोडी चेचायची आणि ते पाणी उतरवण्याच्या आधी ओतायचे. वाटणात तेफळे वाटली की सगळे कडवट होते, आणि मग ते कोणाच्या हातून झाले यावर पुढच्या बैठकीचा निम्मा वेळ जातो.

गोडाला पातोळ्या. आठ किलो तांदूळ भिजवून वाटले की तीनशेच्या पुढे होतात. पीठ पातळ झाले की हळदीच्या पानावरून वाहते, घट्ट झाले की दुमडताना भेगा पडतात. माणशी दोन, असा नियम. तो पाळला जातो म्हणणे धाडसाचे ठरेल.

जेवणानंतर माटोळीची पावणी, म्हणजे लिलाव, होतो. चिबुडाला हमखास वरची बोली लागते, तोरिंजनाला त्याखालोखाल. कवंडळावर कोणी बोलत नाही, ते आजोबा खिशात घालून नेतात. जमलेला पैसा पुढच्या वर्षीच्या घुमटांना.

आता ज्यांच्याशिवाय हे होत नाही त्यांची यादी. कोणी राहिले तर वर्षभर ऐकावे लागेल, म्हणून सावकाश सांगतो. रिपा तासून देणारे सुतारमास्तर. पेंडी उतरवणारे पाडेली, ज्यांनी या वर्षी मजुरी घेतली नाही आणि हे कोणाला सांगू नका म्हटले होते. कुळागर उघडे ठेवणारे दोन्ही भाऊ, एकमेकांशी बोलत नसले तरी. टेम्पोवाले. स्पीकरवाले, आणि वीज गेली की त्यांच्या आधी धावणारा त्यांचा मुलगा. मंडपवाले, त्यांनी पंचवीस खुर्च्या फुकट सोडल्या. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आणि चावी सांभाळणारे शिपाईदादा, जे रात्री अकरापर्यंत थांबतात. सकाळी बांधायला आलेल्यांसाठी गरम उंडे, म्हणजे पाव, पाठवणारे पलीकडच्या वाड्यावरचे पदेर (पाववाले). त्यांच्याकडे चवथ नसते, तरी उंडे चुकत नाहीत. पातोळ्यांसाठी हळदीची पाने देणाऱ्या चार घरच्या माई. नारळ किसणाऱ्या सहाजणी, विशेषतः त्यातल्या दोघी ज्यांनी बोट कापून घेतले. सुरण चिरणारी मंडळी, हाताला तेल लावूनही खाज सोसणारी. घुमटे शेकणारा तरुण. आरतीची सुरुवात उचलणारे गवयी. मुलांना आदल्या आठवड्यात माटोळीची नावे घोकून घेणाऱ्या बाई. भांडी घासणाऱ्या, ज्यांचा सत्कार दरवर्षी ठरतो आणि दरवर्षी त्या पुढे येत नाहीत. पत्रिका छापून देणारे, चूक छापली तरी.

आणि हो, एक राहिलेच. पायऱ्यांवर बसून शंभरेक ओल्या छत्र्यांवर लक्ष ठेवणारा सातवीतला मुलगा. या वर्षी एकही छत्री बदलली गेली नाही. फक्त एक जास्त आली आहे, काळी, लाकडी मुठीची, मुठीवर केवणीची साल गुंडाळलेली. ती शाळेच्या कार्यालयात ठेवली आहे.